बेली, लेनर्ड ली

(२८ ऑगस्ट १९४२ – १२ मे २०१९). अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद व बालहृदयरोगांचे संशोधक. नवजात अर्भकाचे सदोष हृदय काढून त्या जागी दुसरे हृदय बसविता येते आणि असे अर्भक वाढून प्रौढ होऊ शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष शस्त्रक्रियांनी सिद्ध केले. १९८४ मध्ये ‘बेबी फे’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या अर्भकाच्या शरीरात त्यांनी बॅबून या माकडाचे हृदय बसविले, त्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. तथापि त्यांच्या कार्याचे मूल्यमापन केवळ या शस्त्रक्रियेवरून करणे योग्य ठरणार नाही. तिच्यानंतर वर्षभराने त्यांनी सुरू केलेली मानवी हृदयांची प्रतिरोपणे हे त्यांचे अधिक टिकाऊ कार्य होय.

बेली यांचा जन्म मेरिलंड राज्यातील टाकोमा पार्क येथे झाला. तेथील कोलंबिया युनियन महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर ते कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाले व १९६९ मध्ये पदवीधर झाले. हे विद्यापीठ सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने चालविलेले असून बेली स्वतः त्या पंथाचे होते. शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी तेथेच घेतले. त्यानंतर कॅनडातील टोराँटो येथील ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’ या विख्यात बालरुग्णालयात त्यांनी बालहृदय शस्त्रक्रियेचे विशेष शिक्षण घेतले आणि १९७६ मध्ये ते लोमा लिंडा येथे अध्यापक म्हणून परतले. पुढील सर्व कार्य त्यांनी याच संस्थेत केले.

टोराँटोच्या रुग्णालयाचा उल्लेख येथे विशेष अर्थाने करावा लागतो. तेथील विल्यम मस्टर्ड यांनी १९५०–६० या दशकाच्या प्रारंभी, हृद्‌-फुप्फुस यंत्र प्रचारात येण्यापूर्वी, शस्त्रक्रियेच्या वेळी अर्भकाच्या रक्तास ऑक्सिजन पुरविण्यासाठी माकडांच्या फुप्फुसांचा उपयोग करून पाहिला होता. त्यात त्यांना यश आले नाही. मात्र हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांची अदलाबदल झालेल्या बालकांसाठी त्यांनी १९६३ मध्ये केलेली शस्त्रक्रिया पुढे त्यांच्याच नावाने रूढ झाली. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियांचे युग बाल्टिमोर येथे २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ॲल्फ्रेड ब्लेलॉक यांनी हेलन टाउसिग यांच्या सूचनेवरून व व्हिव्हियन टॉमस यांच्या प्रायोगिक कार्याच्या आधारे केलेल्या ‘निळ्या बालका’वरील शस्त्रक्रियेने सुरू झाले होते. त्यानंतरच्या तीस वर्षांत हृदयाच्या पडद्यांतील छिद्रे, अरुंद झडपा व चुकीच्या जोडण्या दुरुस्त करण्याच्या अनेक पद्धती निघाल्या. परंतु एका दोषापुढे या सर्व पद्धती निष्फळ ठरत. टोराँटो येथे शिकत असताना या दोषाने दगावणारी अर्भके बेली यांच्या पाहण्यात आली व त्यांच्या पुढील संशोधनाची दिशा तेथेच निश्चित झाली.

हृदयाचा डावा भाग खुरटलेला असणे, हा तो दोष होय. त्यात डावे निलय अगदी लहान किंवा जवळजवळ नाहीसे असते, डाव्या बाजूच्या झडपा अरुंद किंवा बंद असतात आणि महारोहिणीचा आरंभीचा भाग एखाद्या बारीक नळीएवढाच असतो. दर चार-पाच हजार जन्मांमागे सुमारे एका अर्भकात तो आढळतो. गर्भावस्थेत फुप्फुसांकडे रक्त जाण्याची फारशी गरज नसते. फुप्फुस रोहिणीला महारोहिणीशी जोडणारी एक वाहिनी गर्भात उघडी असते व तिच्यावाटे उजवे निलय साऱ्या शरीरास रक्त पुरविते, म्हणून डाव्या निलयाची उणीव गर्भाला जाणवत नाही. असे अर्भक जन्मतः पुष्कळदा सुदृढ दिसते. जन्मानंतर काही तास ते काही दिवसांत ही वाहिनी निसर्गक्रमाने मिटू लागते. निरोगी अर्भकाच्या दृष्टीने ही इष्ट घटना असते. येथे मात्र ती मिटताच शरीराचा रक्तपुरवठा तुटतो. अर्भक निस्तेज होते, दूध पीत नाही, त्याचा श्वास जलद चालतो आणि उपचार न केल्यास बहुसंख्य अर्भके पहिल्या महिन्यातच मरण पावतात. १९७५ नंतरच्या काही वर्षांत प्रोस्टाग्लँडीन ई-१ हे द्रव्य शिरेवाटे दिल्यास ही वाहिनी उघडी राखता येते, असे दिसून आले. त्यामुळे काही दिवसांचा, क्वचित काही आठवड्यांचा अवधी मिळू लागला; परंतु त्या अवधीत करावयाचे काय, हा प्रश्न उरलाच.

या प्रश्नाची दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी पुढे आली. बॉस्टन येथील विल्यम नॉरवुड यांनी असलेल्या हृदयाचीच पुनर्रचना करण्याचा मार्ग धरला. उजव्या निलयाकडे सर्व शरीरास रक्त पुरविण्याचे काम सोपवावयाचे आणि फुप्फुसांकडे जाणारे रक्त पुढील टप्प्यांत निलयाच्या मदतीविना थेट वळवावयाचे, अशी ती योजना होती. तिचे पहिले यश १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण आरंभी बहुतेक अर्भके पहिल्या टप्प्यातच दगावत. बेली यांना ही योजना तडजोडीची वाटे. जे हृदय मुळातच अपुरे घडले आहे ते बदलणे हाच सरळ उपाय होय, असे त्यांचे मत होते.

अर्भकाचे हृदय बदलण्याची कल्पना तोपर्यंत अगदी नवी राहिलेली नव्हती. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे क्रिस्तिआन बार्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय-प्रतिरोपण केले आणि तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे ॲड्रियन कँट्रोविट्स यांनी तीन आठवड्यांहूनही लहान असलेल्या अर्भकाचे हृदय बदलले. ते अर्भक काही तासच जगले. १९६८ हे वर्ष अशा प्रयत्नांच्या लाटेचे ठरले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केलेले प्रतिरोपण हेही तिचाच भाग असून तो रुग्णही काही तासांतच मरण पावला. परक्या ऊतकांना शरीर नाकारते, हे या बहुतेक अपयशांमागील मुख्य कारण होते व त्यावर प्रभावी औषध नव्हते. लवकरच बहुतेक केंद्रांनी ही शस्त्रक्रिया सोडून दिली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथील नॉर्मन शमवे यांच्यासारख्या थोड्यांनीच ती चिकाटीने चालू ठेवली. पुढे एका कवकापासून मिळविलेले सायक्लोस्पोरीन हे औषध उपलब्ध झाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, तेव्हा चित्र पालटले. या औषधाने लसीका कोशिकांचा हल्ला थोपविला जातो; पण जंतूंविरुद्धची शरीराची सर्व शक्ती मात्र नष्ट होत नाही.

बेली यांचा भर औषधाइतकाच आणखी एका गोष्टीवर होता. नवजात प्राण्याची रोगप्रतिकारयंत्रणा अपरिणत असते. आपले कोणते व परके कोणते, याची ओळख तिला पुरती पटलेली नसते. म्हणून या वयात बसविलेले हृदय ती पुढेही सामावून घेईल, असा त्यांचा तर्क होता. तो तपासण्यासाठी त्यांनी नवजात करडांवर प्रयोग आरंभिले. करडांना इतर करडांची हृदये बसविली असता त्यांतील काही प्राणी प्रौढ वयापर्यंत वाढले व बसविलेले हृदयही त्यांच्याबरोबर वाढले. कोकरांची हृदये बसविलेली करडेही काही महिने जगली. हे प्रयोग सुमारे सात वर्षे चालले आणि त्यांत शेळ्या, मेंढ्या व बॅबून मिळून दीडशेच्या वर प्रतिरोपणे झाली. त्यांच्यासाठी शासकीय अनुदान मिळाले नाही. खर्च मुख्यतः बेली व त्यांचे सहकारी यांच्या वैद्यकीय व्यवसायातील उत्पन्नातून भागविण्यात आला. त्यामुळे संशोधन स्वतंत्र राहिले हे खरे; परंतु अनुदानाबरोबर येणारी बाहेरच्या तज्ञांची कसून होणारी छाननीही त्यास लाभली नाही, आणि पुढे उद्‌भवलेल्या वादात ही उणीव वारंवार दाखविली गेली.

माणसाला इतर प्राण्यांचे अवयव बसविण्याचे प्रयत्न पूर्वी झाले होते. न्यू ऑर्लिन्स येथे कीथ रीम्ट्‌स्मा यांनी १९६३-६४ मध्ये चिंपँझीची वृक्के बसविली. त्यांच्या रुग्णांपैकी एक स्त्री नऊ महिने जगली. जेम्स हार्डी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यात चिंपँझीचे हृदय एका मरणोन्मुख रुग्णास बसविले, ते फार थोडा वेळ चालले. बेली यांनी बॅबूनची निवड केली, कारण हा प्राणी दुर्मिळ नव्हता, प्रयोगशाळेत त्याची पैदास करता येत असे व त्याच्या पिल्लाचे हृदय अर्भकाच्या छातीत मावण्याजोगे असे. त्या काळी इतक्या लहान वयाचे मानवी हृदय वेळेवर मिळणे जवळजवळ अशक्य मानले जाई. विद्यापीठाच्या परीक्षण समितीने वर्षाहून अधिक काळ या योजनेचा विचार केला व मगच तिला अनुमती दिली.

‘बेबी फे’ : ही मुलगी १४ ऑक्टोबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियातील बार्स्टो येथे अपुऱ्या दिवसांची जन्मली. तिचे वजन सव्वादोन किग्रॅ.च्या आसपास होते. डावा हृदयभाग खुरटलेला असल्याचे निदान होताच तिला लोमा लिंडा येथे आणण्यात आले. पण करण्यासारखे काही नाही असे कळल्याने आईने तिला परत नेले. बेली या सुमारास बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांनी आईशी संपर्क साधून आपली योजना तिला समजावून दिली. मुलीला पुन्हा रुग्णालयात ठेवून न्यूयॉर्कहून आलेल्या प्रतिरक्षाशास्त्रज्ञ सँड्रा नेल्सन-कॅनरेला यांनी तिच्या लसीका कोशिकांची अनेक बॅबूनांच्या ऊतकांशी जुळणी तपासली व त्यांतील सर्वांत जवळचा प्राणी निवडला. २६ ऑक्टोबर रोजी, वयाच्या बाराव्या दिवशी, शस्त्रक्रिया झाली. अर्भकाचे तापमान सुमारे २०° से. पर्यंत उतरवून रक्ताभिसरण काही काळ थांबविण्यात आले आणि त्या अवधीत बॅबूनचे अक्रोडाएवढे हृदय जोडण्यात आले. सकाळी साडेअकराच्या सुमारास ते स्वतःहून धडधडू लागले.

पहिले काही दिवस प्रकृती चांगली सुधारली. कृत्रिम श्वसनाची गरज संपली, मुलगी बाटलीने दूध पिऊ लागली. तिची चित्रे वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचली. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अवयव नाकारला जात असल्याची चिन्हे दिसू लागली. औषधे वाढविण्यात आली; पण हृदयाची शक्ती व वृक्कांचे कार्य दोन्ही ढासळत गेली आणि १५ नोव्हेंबर रोजी तिचा मृत्यू झाला. प्राण्याचे हृदय बसविलेली व्यक्ती तोपर्यंत इतके दिवस जगली नव्हती.

बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मृत्यूनंतरच्या तपासणीत लसीका कोशिकांच्या हल्ल्याच्या खुणा नाममात्र आढळल्या होत्या. ज्या प्रकारच्या नकाराची सर्वाधिक भीती होती तो प्रकार फारसा घडलाच नव्हता. अपयश मुख्यतः रक्तातील प्रतिपिंडांमुळे आले व त्याचा संबंध रक्तगटांच्या विसंगतीशी असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुलीचा रक्तगट ‘ओ’ होता, तर निवडलेल्या बॅबूनचा ‘एबी’. ‘ओ’ गटाच्या व्यक्तीच्या रक्तात इतर दोन्ही गटांविरुद्ध प्रतिपिंडे असू शकतात, हे अर्थात ठाऊक होते. परंतु बॅबूनांमध्ये ‘ओ’ गट फारच विरळा असल्याने जुळणारा प्राणी हाती नव्हता. रक्तगटाचा अडसर औषधांनी ओलांडता येईल, ही अपेक्षा म्हणजे घातक परिणाम झालेली चूक होती, असे बेली यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

वाद : शस्त्रक्रियेवर उठलेली टीका अनेक प्रकारची होती आणि तिचे सर्व भाग सारख्याच तोलाचे नव्हते. प्राणिमित्र संघटनांनी रुग्णालयासमोर निदर्शने केली. प्रतिरोपणाच्या क्षेत्रातील काही तज्ञांच्या मते यशाची शक्यता इतकी कमी होती की, या कृतीस उपचार न म्हणता प्रयोगच म्हणावयास हवे होते. त्यांचा हा आक्षेप गंभीर होता. प्रौढ रुग्ण स्वतःवर होणाऱ्या प्रयोगास संमती देऊ शकतो. अर्भकाच्या वतीने आईवडिलांनी दिलेली संमती केवळ त्याच्या हितासाठी असलेल्या उपचारापुरतीच ग्राह्य धरावी की, जो उपचार मुख्यतः पुढील अर्भकांना उपयोगी पडेल त्यासही ती लागू व्हावी, हा त्यामागील खरा प्रश्न होय. मरण अटळ दिसत असताना पुढे केलेल्या आशेला आई नकार कसा देणार, असेही विचारले गेले. बेली यांची बाजू अशी की, प्राण्यांवरील प्रयोगांवरून त्यांना दीर्घ आयुष्याची खरोखर अपेक्षा होती. मुलीचा बळी देऊन ज्ञान मिळविणे हा हेतू कधीच नव्हता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी नेमलेल्या पथकाने लोमा लिंडा येथे जाऊन चौकशी केली. संमती घेण्याची प्रत्यक्ष रीत एकंदरीत योग्य असल्याचे त्यास आढळले. आईशी कित्येक तास चर्चा झाली होती. मात्र संमतिपत्रात संभाव्य लाभ वाढवून सांगितला गेला होता आणि मानवी हृदय शोधण्याच्या किंवा ते बसविण्याच्या पर्यायाचा उल्लेख नव्हता, असे दोष पथकाने दाखविले. मानवी हृदयाचा शोध घेण्यात आला नव्हता, ही गोष्ट बेली यांच्या चाहत्यांनाही समर्थनीय वाटणे कठीण होते. शस्त्रक्रियेच्याच दिवशी दोन महिन्यांच्या एका बालकाचे हृदय उपलब्ध होते, असे वृत्त नंतर प्रसिद्ध झाले. ते मुलीच्या मानाने मोठे ठरले असते, असे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. माणसाला अधिक जवळचा प्राणी न निवडता बॅबून का निवडला, या एका वार्ताहराच्या प्रश्नावर आपला उत्क्रांतीवर विश्वास नाही, असे बेली यांनी उत्तर दिले. त्यावरही जीववैज्ञानिकांनी टीका केली. जातींमधील नात्याचा आणि ऊतके जुळण्याचा संबंध इतका निकटचा आहे की, या टीकेला केवळ धर्ममताचा वाद म्हणून बाजूस सारता येत नाही.

मानवी हृदयांची प्रतिरोपणे : या प्रसिद्धीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. अर्भकांनाही हृदयाची गरज असते, हे डॉक्टरांना व सामान्य लोकांना प्रथमच तीव्रतेने जाणवले आणि मेंदूमृत अर्भकांचे आईवडील अवयवदानास पुढे येऊ लागले. २० नोव्हेंबर १९८५ रोजी बेली यांनी अवघ्या चार दिवसांच्या मुलास मानवी अर्भकाचे हृदय बसविले. ‘बेबी मोझेस’ या नावाने ओळखला गेलेला हा मुलगा वाढून प्रौढ झाला. नवजात अर्भकातील हे पहिले यशस्वी हृदय-प्रतिरोपण मानले जाते. लंडन येथे मॅग्दी याकूब यांनी जुलै १९८४ मध्ये दहा दिवसांच्या मुलीचे हृदय बदलले होते. पण ती अठरा दिवसच जगली होती.

तांत्रिक दृष्ट्या ही शस्त्रक्रिया प्रौढांतील प्रतिरोपणाहून अवघड असते. प्रौढात महारोहिणी शाबूत असते व तिच्या टोकाला नवे हृदय जोडता येते. येथे महारोहिणीची कमानही अरुंद असल्याने दात्याच्या हृदयाबरोबर कमानीचा लांब तुकडा काढून घ्यावा लागतो व त्याने ग्राहकाची कमान रुंद करावी लागते. हे करताना रक्ताभिसरण पूर्ण थांबलेले असते, म्हणून मेंदूस इजा होऊ नये यासाठी शरीर खूप थंड करणे अपरिहार्य ठरते. जोडावयाच्या वाहिन्या काही मिमी. रुंदीच्या असतात. पुढे याच वाहिन्या मुलाबरोबर वाढावयाच्या असतात, हेही टाके घालताना ध्यानात ठेवावे लागते.

दाते मिळू लागले, तरी गरजेच्या मानाने ते थोडेच राहिले आणि कोणाला हृदय द्यावयाचे या प्रश्नाने नवे रूप घेतले. १९८६ मध्ये एका अर्भकाचे तरुण, अविवाहित आईवडील शस्त्रक्रियेनंतरची काटेकोर देखभाल करू शकणार नाहीत, या कारणास्तव लोमा लिंडा येथे प्रथम त्यास प्रतिरोपण नाकारण्यात आले. त्यावर मोठा गहजब उडाला. आजी-आजोबांनी पालकत्व स्वीकारल्यावर निर्णय फिरविण्यात आला. त्यानंतर दात्याचे हृदय मिळाले ते एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातून झालेल्या आवाहनामुळे. त्याच वेळी दुसऱ्या राज्यात आणखी एक अर्भक आपल्या क्रमाची वाट पाहत होते. दात्याच्या आईवडिलांचे औदार्य निःसंशय मोठे होते. परंतु प्रसिद्धी ज्याला मिळेल त्याला अवयव, ही रीत न्याय्य नव्हे, हे या प्रकरणाने उघड झाले. अवयववाटपाचे राष्ट्रव्यापी नियम त्या सुमारास अमेरिकेत घडत होते, त्यांची निकड त्यामुळे अधिकच पटली.

मेंदूचा मोठा भाग न घडताच जन्मलेल्या अर्भकांचा दाते म्हणून उपयोग करावा काय, हा त्याहून बिकट प्रश्न होता. अशी अर्भके अल्पकाळच जगतात, पण त्यांचे मस्तिष्कस्तंभ कार्य करीत असल्याने त्यांना मृत म्हणता येत नाही; आणि मृत्यू ओढवेपर्यंत रक्तपुरवठा मंदावून इतर अवयव खराब झालेले असतात. ऑक्टोबर १९८७ मध्ये कॅनडातील अशा एका अर्भकास लोमा लिंडा येथे आणण्यात आले व मेंदूमृत्यू निश्चित झालेल्या त्या अर्भकाचे हृदय बेली यांनी जन्मून केवळ काही तास झालेल्या मुलास यशस्वीपणे बसविले. या यशानंतर रुग्णालयाने १९८७-८८ मध्ये अशा बारा अर्भकांना ठरावीक नियमांनुसार आठवडाभर अतिदक्षता विभागात ठेवून पाहिले. त्यांपैकी दोघांतच मेंदूमृत्यूच्या कसोट्या पूर्ण झाल्या आणि एकाचाही अवयव प्रतिरोपणासाठी वापरता आला नाही. रुग्णालयाने योजना थांबविली व तिचे अपयश १९८९ मध्ये आकडेवारीसह प्रसिद्ध केले. त्यामुळे अन्यत्र असे प्रयत्न होण्यास बराच आळा बसला.

शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांत बेली यांच्या गटाने दोन महत्त्वाचे बदल केले. स्टेरॉइडांमुळे मुलांची वाढ खुंटते, म्हणून ती दीर्घकाळ न देता सायक्लोस्पोरीन व ॲझाथायोप्रीन यांवर भर देण्यात आला. अवयव नाकारला जात आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रौढांमध्ये नळी घालून हृदयाच्या ऊतकाचा तुकडा काढतात. तान्ह्या मुलांत हे वारंवार करणे धोक्याचे असल्याने श्राव्यातीत ध्वनितरंगांनी हृदयाची हालचाल तपासण्याची पद्धत त्यांनी वापरली. १९९३ मध्ये, वयाच्या पहिल्या वर्षात हृदय बदललेल्या व दीर्घकाळ जगलेल्या ११५ मुलांचा वृत्तांत त्यांनी प्रसिद्ध केला. बेली यांनी आपल्या कारकीर्दीत अर्भके व मुले यांच्यावर केलेल्या हृदय-प्रतिरोपणांची संख्या साडेतीनशेहून अधिक भरते.

नवजात वयात बसविलेले हृदय अधिक काळ टिकते, हा त्यांचा मूळ तर्क पुढील अनुभवाने पुष्कळसा खरा ठरला. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार पहिल्या वर्षात प्रतिरोपण झालेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान वीस वर्षांहून अधिक असून ते त्याहून मोठ्या वयात प्रतिरोपण झालेल्यांपेक्षा जास्त आहे. तरीही याला पूर्ण बरे होणे म्हणता येत नाही. औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्यांच्यामुळे वृक्के बिघडू शकतात, लसीका ऊतकांचे कर्करोग उद्‌भवतात आणि बसविलेल्या हृदयाच्या रोहिण्या हळूहळू अरुंद होत जातात. काहींना तरुणपणी दुसरे हृदय बसवावे लागते.

खुरटलेल्या डाव्या हृदयभागाच्या उपचारात मात्र बेली यांचा मार्ग मुख्य राहिला नाही. १९९० नंतर नॉरवुड यांच्या टप्प्याटप्प्याने करावयाच्या शस्त्रक्रियांचे यश वाढत गेले. त्यांना दात्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे बहुतेक केंद्रांनी त्यांचाच अवलंब केला. प्रतिरोपणाचा उपयोग आता प्रामुख्याने त्या शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा त्यांच्यानंतर हृदय थकलेल्या मुलांसाठी, तसेच हृदयस्नायूच्या विकारांत केला जातो.

रक्तगटाच्या प्रश्नाला पुढे निराळेच वळण मिळाले. बेली ज्या टोराँटोच्या रुग्णालयात शिकले होते तेथील लोरी वेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून दहा अर्भकांना जाणूनबुजून विसंगत रक्तगटाच्या मानवी दात्यांची हृदये बसविली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या वृत्तांतानुसार त्यांतील आठ जगली व ज्या दोघांचा मृत्यू झाला त्यास रक्तगट कारण नव्हता. इतर रक्तगटांविरुद्धची प्रतिपिंडे जन्मानंतर काही महिन्यांनी तयार होतात. तत्पूर्वी प्रतिरोपण केल्यास शरीर तो गट आपला म्हणून स्वीकारते, असा त्याचा अर्थ आहे. नवजात शरीराच्या सहनशीलतेविषयीच्या बेली यांच्या तर्कास यामुळे पुष्टी मिळते. पण ‘बेबी फे’च्या मृत्यूचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण कितपत पुरेसे आहे, अशी शंकाही त्यामुळेच उत्पन्न होते.

प्राण्यांच्या अवयवांकडे संशोधक पुन्हा वळले ते वेगळ्या वाटेने. माकडांपासून माणसात अज्ञात विषाणू शिरण्याचा धोका लक्षात घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये वानरवर्गीय प्राण्यांचे अवयव माणसाला बसविण्याविरुद्ध मार्गदर्शक भूमिका घेतली. डुकराचे अवयव आकाराने योग्य असतात, परंतु त्यांच्या कोशिकांवर एक विशिष्ट शर्करा असते. ती माणसात व बॅबूनात नसते आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे माणसाच्या रक्तात आधीपासूनच असतात. जनुकीय बदलांनी ही शर्करा नाहीशी केलेल्या डुकराचे हृदय ७ जानेवारी २०२२ रोजी मेरिलंड विद्यापीठात एका प्रौढ रुग्णास बसविण्यात आले व तो सुमारे दोन महिने जगला. ‘बेबी फे’नंतर सदतीस वर्षांनी झालेल्या या शस्त्रक्रियेत दात्या प्राण्याच्या जनुकांत दहा बदल करण्यात आले होते.

बेली यांनी लोमा लिंडा येथे शस्त्रक्रिया विभागाचे व नंतर बालरुग्णालयातील शस्त्रक्रियांचे प्रमुखपद सांभाळले. नवजात अर्भकांच्या हृदय-प्रतिरोपणाचे शिक्षण घेण्यासाठी अनेक देशांतील शस्त्रक्रियाविशारद त्यांच्याकडे येत. त्यांनी ज्यांची हृदये बदलली त्यांपैकी काही जण पुढे स्वतः आईबाप झाले. कर्करोगाने ते कॅलिफोर्नियातील रेडलंड्‌स येथे मृत्यू पावले.